पदवीधरांनो, खुल्या जागेचे गणित मांडा!

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक 2022 साली झाली. मुदत पाच वर्षांची. म्हणजे पुढची निवडणूक 2027 च्या सुमारास येणार. प्रस्थापितांची पॅनेल त्याच्या कितीतरी आधीच कामाला लागतात. आमचे पदवीधर मात्र निकाल लागल्यावर जागे होतात!

विद्यापीठाचे अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल आणि लेखे अधिसभेपुढे येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील आमच्या मुलांची परीक्षा फी, वसतिगृह, शिष्यवृत्तीची रखडपट्टी यावर जाब विचारण्याची ही जागा आहे. बाबासाहेबांनी 1927 सालीच मुंबई कायदे कौन्सिलात विद्यापीठ विधेयकावर बोलताना सिनेटमध्ये मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मागितले होते, ते उगाच नव्हे.

2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा, उरलेल्या पाच खुल्या. आमचे कार्यकर्ते त्या एका राखीव जागेवर तुटून पडतात. पण त्या जागेसाठी सगळेच पदवीधर मतदान करतात. म्हणजे उमेदवार आमचा, निवडणारे दुसरेच. पुणे कराराचीच ही छोटी आवृत्ती नव्हे काय? जो पॅनेलच्या कृपेने निवडून येईल, तो पॅनेललाच सलाम ठोकेल.

आता गणित पाहा. मतदान पसंतीक्रमाने होते. एका जागेसाठी कोटा वैध मतांच्या निम्म्याहून अधिक. पाच खुल्या जागांसाठी मात्र कोटा सहाव्या हिश्शापेक्षा किंचित जास्त. सहा हजार वैध मते धरली, तर राखीव जागेला 3001 मते लागतील, खुल्या जागेला 1001! आमच्यासाठी खुली जागाच सोपी आहे. अकोला लोकसभा मतदारसंघही खुलाच होता. तरी 1998 आणि 1999 साली तेथून बाळासाहेब आंबेडकर निवडून गेले.

गटातटांनीही घाबरू नये. दोन गटांचे दोन उमेदवार असले तरी चालेल. दुसरी पसंती एकमेकांना द्या, म्हणजे मत वाया जात नाही.

पण पदवी मिळाली म्हणून नाव यादीत आपोआप येत नाही. विहित मुदतीत अर्ज करावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या 2024 च्या निवडणुकीत मतदार जेमतेम तेरा हजारांच्या घरात होते. ऐन मतदानाच्या तोंडावर ती स्थगित झाली. उच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा मतदान झाले. एवढ्याशा यादीला सत्ताधारी घाबरतात, याचा अर्थ आम्ही ओळखावा.

वऱ्हाडातील प्रत्येक बुद्धविहारात पदवीधरांची वही ठेवा. कोणत्या घरात कोण पदवीधर, पदवी कोणत्या वर्षाची, प्रमाणपत्र हाताशी आहे की नाही, हे आजच टिपून घ्या. लेकी-सुनांची नावे विसरू नका. नोंदणी सुरू झाली की अर्ज एकगठ्ठा गेले पाहिजेत. ‘शिका’ आम्ही ऐकले. ‘संघटित व्हा’ची परीक्षा या यादीत आहे.

जय भीम!