शिवगंगेचा काठ

नदीकाठची बाग म्हटली की एक ठरावीक चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. दगडी भिंतींत आवळलेला प्रवाह, भिंतीवरून जाणारी फरसबंद वाट, कातरलेली हिरवळ, रांगेने लावलेली शोभेची झाडे आणि तिन्हीसांजेला उजळणारे दिवे. शहरातील माणूस थकूनभागून येतो, बाकावर घटकाभर टेकतो आणि समाधानाने घरी जातो. त्याच्या या समाधानास नावे ठेवण्याचे काही कारण नाही. दिवसभर खर्डेघाशी करणाऱ्या कारकुनाला व वर्गात घसा फोडणाऱ्या शिक्षकाला मोकळी हवा ही चैन नसून गरज आहे. परंतु ज्या नदीच्या नावाने ही बाग उभी राहते, तिला या बागेतून काय मिळते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता पुण्यासारख्या महानगरावरच नव्हे, तर भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकसारख्या गावांवरही आली आहे.

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने कात्रजचा घाट ओलांडला आणि खेड-शिवापूर मागे टाकले की नसरापूरच्या अलीकडे वरवे बुद्रुक लागते. सिंहगडाच्या परिसरात उगम पावणारी शिवगंगा महामार्गाच्या साथीने याच खोऱ्यातून खाली उतरते, राजगडाच्या बाजूने येणाऱ्या गुंजवणीला मिळते, आणि तिचे पाणी पुढे नीरेत जाते. भातखाचरांचे हे खोरे आता झपाट्याने पालटत आहे. महामार्ग रुंदावला, त्यामागोमाग उपाहारगृहे, गोदामे, कारखाने आणि भूखंडांच्या पाट्या आल्या. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत भोर तालुक्याचाही काही भाग येतो. शहर आपल्या पावलांनी घाट उतरून या खोऱ्यात आले आहे. तेव्हा नदीकाठाचे काय करावयाचे, याचा निर्णय येथे आज ना उद्या होणारच. तो विचारपूर्वक होतो की नकळत, एवढेच पाहावयाचे.

हा विचार करताना दूरची उदाहरणे धुंडाळण्याआधी जवळच्या बनेश्वरास जाऊन यावे. नसरापूरजवळचे हे शिवमंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविले. मंदिराच्या कुंडांतील मासे आणि कासवे पाहावयास मुले गर्दी करतात. शेजारी वनखात्याची बाग आहे. आणि त्यापुढे, दाट झाडीतून गेलेल्या वाटेने चालत गेले की कातळावरून उड्या घेणारी शिवगंगा भेटते. देव, बन आणि नदी यांचे नाते येथे मंदिराच्या नावातच गुंफलेले आहे. देवाच्या धाकाने राखले गेलेले रान आणि सहलीला येणाऱ्यांचा विसावा एकाच जागी नांदू शकतात, हे पुस्तकात वाचण्याची गरज नाही. पुण्याहून अर्ध्या दिवसात ते डोळ्यांनी पाहता येते. तेथे पक्षी पाहण्यासाठी कोणी हिरवळ कातरलेली नाही. पक्षी आहेत ते रान आहे म्हणून.

काठ म्हणजे नदी आणि जमीन यांमधील नुसती रेघ नव्हे. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात. पात्रातील खडकांत उगवणारी शेरणी पूर आला की आडवी होते आणि ओसरला की पुन्हा उभी राहते. लव्हाळ्याच्या आसऱ्याने उथळ पाण्यात माशांची पिल्ले वाढतात. खंड्या आणि वेडा राघू काठाच्या मातीतच बिळे कोरून अंडी घालतात. पावसाळ्यात काठावर पसरलेले पाणी जमिनीत मुरते आणि तेच पुढे आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यात साथ देते. हा काठ खोदून तेथे दगडी बांध घातला, तर खंड्याचे घर जाते, माशांची पाळणाघरे जातात आणि पाणी मुरण्याची वाटही बुजते. जी भिंत आपल्याला नीटनेटकी दिसते, ती नदीच्या दृष्टीने तुरुंगाची भिंत ठरते.

त्यात प्रश्न केवळ खंड्याचा असता, तर व्यवहारी माणसाने खांदे उडविले असते. परंतु २०१९ च्या सप्टेंबर महिन्यातील २५ तारखेची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजपासून आंबिल ओढ्याच्या काठाने त्या रात्री हाहाकार उडाला. घाटाच्या पलीकडे खेड-शिवापूर येथे दर्ग्यात झोपलेली माणसे पुराच्या लोंढ्यात वाहून गेली. मुंबईने असाच धडा २६ जुलै २००५ रोजी घेतला होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अतिक्रमणांनी अरुंद झालेल्या मिठीने आपली जागा परत मागितली. आभाळ फाटले हे खरे. पण पाण्याला पसरण्यास जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे.

पुणे शहरात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठांचा विकास करण्याच्या योजनेची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. नागरिकांना नदीपर्यंत पोचता यावे, काठावरील राडारोडा आणि अतिक्रमणे हटावीत, हा तिचा हेतू वाईट नाही. नदीकडे पाठ फिरवून बसलेल्या शहराला तिच्याकडे तोंड करावयास लावणे हेदेखील एक कार्यच आहे. तथापि जुनी झाडे तुटतील, पात्र आक्रसेल आणि पुराची पातळी वाढेल, ही पर्यावरणाच्या अभ्यासकांची भीती उडवून लावण्याजोगी नाही. हरित न्यायाधिकरणापर्यंत हा वाद गेला, तो उगाच नव्हे. पाणी स्वच्छ होण्याआधी काठ सजविणे म्हणजे आजाऱ्याला औषध देण्याऐवजी जरीचा अंगरखा चढविण्यासारखे आहे.

दुसरा मार्ग आहे, आणि तो याच महाराष्ट्रात चालून पाहिलेला आहे. मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. १९७७ साली तेथे कचरा टाकणे थांबले आणि पुढे त्याच सुमारे ३७ एकर जमिनीवर झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. आज तेथे शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, खाडीच्या बाजूस तिवरांचे रान आहे आणि शाळांतील मुले पानाफुलांची ओळख करून घेण्यासाठी येतात. मुंबईसारख्या जागेच्या दुष्काळातील शहरात उकिरड्याचे रान होऊ शकते, तर शिवगंगेच्या काठी जे रान अजून शिल्लक आहे, त्याचा उकिरडा होऊ देणे हा शुद्ध करंटेपणा होय.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. पक्ष्यांचे कौतुक शहरातल्या पोटभरल्या लोकांना. ज्याची चार गुंठे जमीन काठाला आहे, त्याने काय करावे? महामार्गाने आणलेला रोजगार गावाने नाकारावा काय? मुळीच नाही. परंतु नियमांकडे पाहिले तरी या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो, ती निळी पूररेषा. तिच्या आत बांधकामास मज्जाव असतो. बागा, मैदाने, हलकी पिके असा मोकळा वापर तेवढा चालतो. म्हणजे कायद्यानेच ही जागा बागेसाठी आणि पुरासाठी राखलेली आहे. उरलेले निम्मे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर नदीचा हक्क मान्य करावयाचा, त्याला योग्य मोबदला मिळावा, आणि बागेची राखण, रोपवाटिका, वाटाडे यांची कामे गावच्याच तरुणांना मिळावीत. नदी वाचविण्याचा खर्च एकट्या काठच्या माणसाच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

वरवे बुद्रुक आणि शेजारच्या गावांनी यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने आपल्या परिसरातील झाडे, प्राणी, पिके यांची लोकनोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवह्या कपाटात धूळ खाण्यासाठी नाहीत. शाळेतील शिक्षकाने मुलांना घेऊन नदीकाठचा एक फर्लांगभर तुकडा निवडावा. त्यावर कोणती झाडे आहेत, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात येतात, पुराचे पाणी कोठवर चढले, हे वर्षभर टिपावे. गुलमोहर आणि नीलगिरीची रोपे आणण्याऐवजी करंज, वाळुंज, पाणजांभूळ यांच्या बिया आणि फांद्या जवळच्या काठावरूनच गोळा कराव्यात. सांडपाण्याचा एखादा पाट नदीत सुटत असेल, तर त्याची तक्रार ग्रामसभेत नोंदवावी. या कामांस पैसा थोडा लागतो, चिकाटी फार लागते.

आणि जे पाहुणे म्हणून या खोऱ्यात जातात, त्यांच्यावरही काही जबाबदारी आहेच. सुट्टीच्या दिवशी बनेश्वरास जाऊन कर्णे लावणारे, शिळ्या अन्नाची प्लास्टिकची ताटे पाण्यात सोडणारे आणि परत येऊन शहरातील नदीच्या दुर्दशेवर हळहळणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत. सहल काढणाऱ्या शाळांनी निदान एवढा नियम करावा की, मुलांनी नेलेला कचरा मुलांबरोबर परत आला पाहिजे, आणि नदीपाशी गेल्यावर दहा मिनिटे कोणी बोलावयाचे नाही. त्या दहा मिनिटांत मुलांना जे ऐकू येईल, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकातील धड्यापेक्षा अधिक काळ स्मरणात राहील.

पुण्याने आपल्या नद्या आधी बिघडविल्या आणि आता त्या सुधारण्यासाठी हजारो कोटींचे आराखडे आखण्याची पाळी तिच्या कारभाऱ्यांवर आली. शिवगंगेच्या खोऱ्याला अजून ती पाळी आलेली नाही. तेथील काठ अजून बऱ्याच ठिकाणी मातीचा आहे आणि त्या मातीत खंड्याचे बीळ आहे. ते तसेच राहावे, असे वाटत असेल, तर पूररेषा जागेवर आखून घेण्याचा आणि तिच्या आतील काठ रानासाठी राखण्याचा ठराव काठच्या गावांनी येत्या ग्रामसभांतच करावयास हवा. पहिला बांध पडल्यानंतर केलेल्या ठरावाला काही अर्थ उरणार नाही.