निगेटिव्हला वास येतोय का?

वीकएण्डला मांडव्याची बोट पकडून अलिबाग-मुरूडकडे सुटणाऱ्या पब्लिकमध्ये दोन प्रकार असतात. एक रिसॉर्टवाले, आणि दुसरे ज्यांचं तिकडे अजून घर आहे ते. आजचा कॉलम दुसऱ्यांसाठी. (पहिल्यांनी भजी खावीत.)

तर, त्या घराच्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात आजोबांच्या निगेटिव्ह. उघडा आणि आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर घाई करा. जुनी फिल्म बहुतेक अ‍ॅसिटेटची. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात ती सडते, आक्रसते, आणि तिची वाफ शेजारच्या धडधाकट फिल्मलाही बाधते. अशा पट्ट्या वेगळ्या काढा. बुरशी दिसली तर ओलं फडकं अजिबात नको. बुरशीने खाल्लेला जिलेटिनचा थर पाण्यात विरघळतो, आणि पणजीचा चेहरा फडक्यावर येतो!

‘भिंतीवर फोटो आहेत की,’ असं म्हणाल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कौलं उडाली आणि पाऊस थेट माजघरात आला. अशा वेळी भिंतीवरचं काय उरतं?

आता कामाचं. ऑफिसातला साधा स्कॅनर इथे चालत नाही, कारण निगेटिव्हला उजेड मागून लागतो. टॅबवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, ब्राइटनेस फुल्ल. वर दोन-तीन बोटं अंतर सोडून दुधी अ‍ॅक्रिलिक, त्यावर निगेटिव्ह. अंतर नसेल तर स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात. खोलीत अंधार करा. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा, नाहीतर एसटीची पाटी उलटी वाचावी लागेल. मग सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हर्ट, की झालं. पूर्वी बडोद्यात बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीच्या सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हला बरा फोनही पुरतो. ३५ मिलिमीटरला मात्र मॅक्रो लेन्स हवी, तिथे फोनची मस्ती चालत नाही.

फिल्म स्कॅनर मिळाला तर उत्तम. २४०० डीपीआयला ३५ मिलिमीटरची एक फ्रेम साधारण पावणेआठ मेगापिक्सेलची होते. फक्त धूळ काढणारं ‘डिजिटल आइस’ बंद ठेवा. ते इन्फ्रारेडवर चालतं, आणि काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी त्याला धूळच वाटते. हो, खरीखुरी चांदी. मोडीत काढायला जाऊ नका, कणभरच असते.

स्कॅन झाल्यावर पट्ट्या कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. डबाही घट्ट लावू नका.

सगळ्यात अवघड काम मशीन करत नाही. सुपारीच्या वाडीत टोपी घालून उभा असलेला तो माणूस कोण? हे आजीलाच माहीत. तिला स्क्रीनवर मोठं करून दाखवा आणि ती बोलेल ते तिथल्या तिथे फाइलच्या नावात टाका. ‘हा बंड्या नव्हे रे, बंड्याचा बाप,’ हे सांगणारं घरात दुसरं कोणी उरलेलं नसतं.

गणपतीत सगळं गोत गावाला जमतं. तोवर निदान एक डबा उरका, आणि लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर बॅगेत टाका.