न झिजलेल्या खुर्चीची सवलत

खुर्ची वापरतो भाडेकरू, मोडकी असली तरी तिच्यावरच बसतो भाडेकरू. आणि तिच्या झिजेबद्दल करात सूट मिळते घरमालकाला! खुर्ची झिजली नाही तरीही मिळते! ब्रिटनमध्ये 2016 पर्यंत हा व्यवहार पूर्णपणे कायदेशीर होता.

सामानसुमानासह घर भाड्याने देणाऱ्या मालकाला निव्वळ भाड्याच्या 10 टक्के रक्कम 'झीज-तूट' म्हणून करपात्र उत्पन्नातून वगळता येत असे. वर्षाला 12,000 पौंड भाडे घेणाऱ्याचे 1,200 पौंड करमुक्त होत. तो 40 टक्के दराने कर भरणारा असेल, तर त्याचे 480 पौंड वाचत. आणि त्यासाठी घरातला एक चमचाही बदलावा लागत नसे. बेकारभत्ता मागणाऱ्या कामगाराकडून दहा पुरावे मागणारी राजसत्ता मालकाकडून एका पावतीचीही अपेक्षा करीत नव्हती.

हुजूर पक्षाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जुलै 2015 मध्ये ही सवलत रद्द करण्याची घोषणा केली. एप्रिल 2016 पासून जुनी वस्तू बदलून नवी घेतल्यास तिच्या प्रत्यक्ष खर्चापुरतीच वजावट मिळू लागली. लगेच मालकवर्गाने आक्रोश केला: आता भाडी वाढतील! परंतु सवलत होती तेव्हा भाडी 10 टक्क्यांनी उतरली होती काय? भाडे मालकाच्या खर्चावर ठरत नाही, घरांच्या टंचाईवर ठरते. सवलत मिळाली की ती मालकाची आणि गेली की तिचा भार भाडेकरूचा, हा युक्तिवाद अर्थशास्त्राचा नव्हे, धमकीचा आहे.

याहून मोठा अन्याय सुटीच्या घरांबाबत होता. 1984 च्या वित्त कायद्याने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुसज्ज घरांना व्यवसायाचा दर्जा दिला. पुढे अट अशी होती की, घर वर्षातून 210 दिवस उपलब्ध असावे व 105 दिवस भाड्याने गेलेले असावे. 2017 ते 2020 या काळात सामान्य घरमालकांची कर्जव्याजाची वजावट टप्प्याटप्प्याने काढून घेऊन 20 टक्क्यांच्या करसवलतीवर आणली गेली. सुटीच्या घरांना मात्र पूर्ण वजावट चालूच राहिली. म्हणजे बारमाही कुटुंबापेक्षा आठवड्याचा पाहुणा ठेवणे करदृष्ट्या अधिक लाभाचे! कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथील नागरिकांनी 2016 च्या सार्वमतात, नवी घरे केवळ कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असा कौल प्रचंड बहुमताने दिला, तो उगीच नव्हे. हा दर्जा रद्द करण्याची घोषणा मार्च 2024 मध्ये जेरेमी हंट यांनी केली आणि मजूर पक्षाच्या राजवटीत एप्रिल 2025 पासून ती अमलात आली.

या सुधारणांचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु त्यांनाच समाजवाद समजण्याची चूक कोणी करू नये. करसवलत काढल्याने अन्याय कमी होतो, घर उभे राहत नाही. 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने थॅचर सरकारने नगरपालिकांची घरे विक्रीस काढली. त्या तुटीची भरपाई हिशेबाची वही दुरुस्त करून होणार नाही. 2025 च्या कायद्याने इंग्लंडमधील भाडेकरूला कारण न देता बाहेर काढण्याची पद्धत संपविण्याचे ठरविले, पण न्याय्य भाड्याचे माप म्हणून बाजारभावच कायम ठेवला. बाजार हाच जिथे आरोपी, तिथे तोच न्यायाधीश!

आणि आपल्याकडे? भारतीय आयकर कायद्यात घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट 30 टक्के वजावट मिळते. मालकाने भिंतीला चुन्याचा हातही फिरवला नसला तरी मिळते. कर्जावरील व्याजाची वजावट निराळीच. ब्रिटनच्या हुजुरांनादेखील जी 10 टक्क्यांची काल्पनिक झीज असमर्थनीय वाटली, तिच्या तिप्पट सूट येथे बिनबोभाट चालू आहे. गळक्या छपराखाली पूर्ण भाडे मोजणाऱ्याने आता एकच प्रश्न विचारावा: दुरुस्तीच्या नावाने सूट मिळते, तर दुरुस्ती कोठे आहे?