अटॅचमेंटच्या नावावर जाऊ नका

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती उघडल्यावर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका म्हणून आलेली ती फाइल एपीके होती, म्हणजे मोबाइलमध्ये बसणारे ॲप. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल. ती ॲप असण्याचे कारणच नाही. व्हॉट्सॲपवर ही पारख ज्याची त्यालाच करावी लागते. ईमेलची पारख मात्र सर्व्हरवरच, मेल हाती पडण्याआधी करता येते. सीएची कार्यालये, छापखाने आणि पेढ्या अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या फाइली रोज उघडतात. तिथे ही पारख व्हायलाच हवी.

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस जगभर पसरला तो ईमेलच्या अटॅचमेंटमधूनच. अटॅचमेंटचे नाव ‘टीएक्सटी’वर संपल्यासारखे दिसे, त्यापुढचे खरे एक्स्टेन्शन ‘व्हीबीएस’ होते आणि विंडोज ते लपवत असे. आजही नाव बदलणे क्षणाचे काम आहे, म्हणून निव्वळ नाव पाहून अडवणारा नियम अपुरा पडतो. फाइलीचे पहिले काही बाइट तिचा खरा प्रकार सांगतात. ईएक्सई ‘एमझेड’ या अक्षरांनी सुरू होते, झिप ‘पीके’ने. मेलच्या फिल्टरमध्ये असा खरा प्रकार तपासण्याची सोय असेल तर ती चालू करावीच.

मात्र इथे घाई नडते. वर्डची डॉक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स आतून झिपच असतात. कोरलड्रॉच्या एक्स४ पासूनच्या सीडीआर फाइलीही तशाच. झिप सरसकट बंद केली तर लग्नसराईत छापखान्याला पत्रिकेचे डिझाइनच मिळणार नाही, आणि मालक वैतागून सगळा फिल्टरच काढायला लावील. त्यामुळे दुसऱ्या कार्यालयाची अडवायच्या फाइलींची यादी जशीच्या तशी उचलू नये. आपल्याकडे कोणत्या फाइली येतात ते आधी सर्व्हरच्या नोंदींत पाहावे. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ, एपीके यांचे हिशेबाच्या वा छपाईच्या कामात काही काम नाही. त्या थेट अडवाव्यात. मॅक्रोवाली एक्सेल आणि पासवर्ड लावलेली झिप यांचे तसे नाही. त्या कधी कधी खरोखरच लागतात, पण पासवर्डच्या आतला मजकूर फिल्टरला तपासता येत नाही. त्या बाजूला काढून माणसाने पाहाव्यात.

एकदा केलेली यादी कायम पुरत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेले मॅक्रो बंद करायला सुरुवात केली, तेव्हा हल्लेखोर आयएसओ आणि एलएनकेकडे वळले, २०२३ च्या सुरुवातीला वननोटकडे.

अडवलेली फाइल नष्ट करू नये. ती क्वारंटाइनमध्ये ठेवून, ज्याच्या नावे आली त्याला कळवावे. पाठवणाऱ्याला आपोआप नकार धाडणे टाळावे, कारण अशा मेलवरचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि तो नकार भलत्याच माणसाला जाऊन त्रास देतो. फाइल सोडण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीकडे असावा. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री नऊला ग्राहकाची फाइल अडकली, तर फोन कोणाला करायचा हे कार्यालयातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक हवे.