कर भरतो, तर हक्काने जाऊ या

वेन, ओकलंड किंवा मकोम काउंटीत ज्यांचे घर आहे, त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात आर्ट इन्स्टिट्यूटच्या नावाची एक ओळ असते. शाळांच्या मोठ्या आकड्यांपुढे ती सहसा नजरेत भरत नाही. ७ ऑगस्ट २०१२ रोजी या तीन काउंट्यांतल्या मतदारांनी डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्ससाठी हा कर आपणहून स्वतःवर लावून घेतला. दीड लाख डॉलर बाजारभावाच्या घरामागे वर्षाला साधारण १५ डॉलर. मकोममध्ये ठराव जेमतेम तरला. पण मार्च २०२० मध्ये तिन्ही काउंट्यांनी तो आणखी १० वर्षांसाठी पुन्हा मंजूर केला.

या पैशांच्या बदल्यात संग्रहालयाने काही गोष्टी कबूल केल्या आहेत. तिन्ही काउंट्यांतल्या रहिवाशांना प्रवेश विनामूल्य. शाळांच्या सहली विनामूल्य, आणि त्यासाठी बसही. ज्येष्ठांच्या गटांसाठी कार्यक्रम आणि त्यांच्या ने-आणीची सोय. यातली बस मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दूरच्या शाळेला नुसते तिकीट माफ करून भागत नाही, कारण सहल अडते ती बसच्या भाड्यापाशी. हे ज्यांनी ओळखले, त्यांना मुले संग्रहालयात यावीत असे मनापासून वाटत होते.

आपण मराठी मंडळी मात्र तिथे जातो ते बहुधा भारतातून आई-वडील आले की. दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांच्या दालनात फोटो, वर एक चक्कर, मग जेवण, आणि पुढच्या पाहुण्यांपर्यंत विषय संपला. देवळाला, शाळेला, वाचनालयाला आपण आपले म्हणतो. वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या या इमारतीला अजून म्हणत नाही, याचे मला वाईट वाटते.

तिच्यातला कलासंग्रह आपल्या हातून जवळजवळ गेलाच होता. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉईट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलरचे, आणि संग्रह शहराच्या मालकीचा. चित्रे विकून देणी फेडा, अशी मागणी धनकोंकडून झाली. क्रिस्टीज या लिलावसंस्थेची माणसे किंमत ठरवायला आली. १९२२ मध्ये घेतलेले व्हॅन गॉगचे आत्मचित्र त्याच संग्रहात आहे, आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहालयाने विकत घेतलेले व्हॅन गॉगचे ते पहिले चित्र. अखेर प्रतिष्ठाने, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. ती शहराच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनसाठी गेली आणि संग्रह एका स्वतंत्र ना-नफा संस्थेच्या हाती सुरक्षित राहिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा याच भागात राहत होते.

संग्रहालयाने लोकांकडे येण्यासाठी काय काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. २००७ मध्ये मोठ्या नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा चित्रांशेजारच्या पाट्या सोप्या आणि लहान केलेल्या होत्या. त्या आधी सामान्य प्रेक्षकांना वाचायला देऊन पाहिल्या होत्या. काही जाणकारांना ते रुचले नाही. माझ्या मते संग्रहालयाचेच बरोबर होते. कलेचा इतिहास न शिकलेला माणूस दारातून आत आला, तर त्याला परके वाटू नये, ही पाटीची पहिली जबाबदारी आहे. २०१० पासून 'इनसाइड आउट' उपक्रमात गाजलेल्या चित्रांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृती चौकटींसह गावोगावच्या भिंतींवर आणि बागांत लावल्या जातात. कला मोठ्या शहरातून बाहेर नेण्याची ओढ आपल्याला नवी नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले, ते आसपासच्या खेड्यांतल्या माणसांनीही पाहिले.

तरी चित्रासमोर नेमके करायचे काय, ही अडचण उरतेच, आणि ती आपल्या पिढीची खास आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा आपल्यातल्या कितीतरी जणांनी दिल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढून ग्रेड मिळवल्या. हात तयार झाला, पण दुसऱ्याने काढलेल्या चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहायला कोणी शिकवले नाही. इथल्या अनेक संग्रहालयांत मुलांना हेच शिकवतात. फिलिप येनावाइन आणि अबिगेल हाउझन यांनी रुजवलेल्या पद्धतीत शिक्षक माहिती सांगतच नाही. या चित्रात काय चालले आहे? असे का वाटले, कशावरून? आणखी काय दिसते? तीनच प्रश्न, पुन्हा पुन्हा.

याच संग्रहालयातल्या ब्रूगेलच्या 'द वेडिंग डान्स'समोर हे करून पाहा. १५६६ च्या सुमाराचे चित्र, त्यात सव्वाशेच्या आसपास माणसे नाचताहेत, खाताहेत, गप्पा मारताहेत. नवरी कोणती, असे विचारले की मुले गर्दीत शोधू लागतात. ती काळ्या पोशाखात आहे. लग्नात काळे कसे, हा प्रश्न मराठी घरातले मूल विचारणारच, आणि त्या प्रश्नातून ते एका वेगळ्या काळात शिरते. 'कशावरून?' हा प्रश्न रोजच्या वापरातला आहे. एखाद्या मुलाने 'हा माणूस चिडलाय' म्हटले, की त्याला भुवया, मुठी, उभे राहण्याची ढब दाखवावी लागते. पुरावा देऊन बोलायची सवय इथून लागते.

रिव्हेराच्या दालनाबद्दल तर आपल्यालाच सांगण्यासारखे पुष्कळ आहे. दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये ही २७ भित्तिचित्रे रंगवली. खर्चाचा मुख्य भार एडसेल फोर्डने उचलला. उत्तरेच्या भिंतीवर रूज कारखान्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन तयार होताना दिसते, दक्षिणेच्या भिंतीवर बॉडीचे भाग आणि जोडणी. चित्रे खुली झाली तेव्हा त्यांच्यावर चुना फासा म्हणणारेही निघाले, आणि ती पाहायला हजारो लोकही लोटले. पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांतून इथे आलेले, आयुष्य पॉवरट्रेनमध्ये काढलेले आपल्या मराठी मंडळाचे सभासद या भिंतीसमोर उभे राहून इंजिन ब्लॉक कसा ओततात, त्याला भोके पाडून तो पुढे कसा जातो, ते कोणत्याही पाटीपेक्षा चांगले सांगतील. त्यांच्या नातवंडांनी आजोबांचे काम काय होते, हे कधी पाहिलेले नाही. इथे ते भिंतभर रंगवलेले आहे.

म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे की येत्या हिवाळ्यात मंडळाची एक रविवार सकाळ रिव्हेराच्या दालनात घ्यायची, मराठीतून. भाषणे होणार नाहीत. दोन निवृत्त अभियंते उत्तरेची भिंत सांगतील, बालशाळेच्या ताई मुलांना ब्रूगेलकडे नेतील, आणि ज्येष्ठांसाठी चोळकाळातल्या पार्वतीच्या कांस्यमूर्तीजवळ बसून गप्पा होतील. गटाने जायचे तर संग्रहालयाला आधी कळवावे लागते, तेव्हा नावे दिवाळीपर्यंत सचिवांकडे द्यावीत. अॅन आर्बरकडच्या सभासदांची काउंटी या करात नाही, त्यामुळे त्यांना तिकीट पडेल. त्याचा खर्च मंडळाने करावा, असा माझा आग्रह आहे आणि पुढच्या सभेत मी तो मांडणार आहे. मुलांनी शिसपेन्सिल आणि लहान वही आणावी. रंग आणू नयेत.