चराईचा हंगाम आणि बाळाचे दूध

आयर्लंडमध्ये गाय जितके दिवस कुरणात चरते, तितका गोठ्यातल्या खुराकाचा खर्च वाचतो. म्हणून हिवाळ्यापूर्वी रायग्रास गवत टिकवण्याची तिथल्या शेतकऱ्याची धडपड असते. त्यासाठी उशिरा युरिया टाकण्याचा मोह मात्र टाळायला हवा.

जमीन गार झाली की गवताची वाढ मंदावते. मुळांनी न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपात पावसाबरोबर विहिरीपर्यंत झिरपते. त्या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध सहा महिन्यांखालील बाळाला पाजल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. बाळ निळे पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे.

सप्टेंबरच्या मध्यापासून हिवाळाभर रासायनिक नत्रखतावर तिथे असलेली बंदी म्हणूनच योग्य आहे. हंगाम लांबवायचे दुसरे मार्ग आहेत. ऑगस्टपासून दोन चराईंमधले अंतर वाढवावे, फुटव्याला तीन पाने आली की गाई सोडाव्यात, चार सेंटीमीटर गवत राखावे.

खताच्या पिशवीची किंमत बाळाने मोजू नये. आपल्याकडेही तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. वरचे दूध द्यावेच लागले, तर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे.