खिशातला चाकू कसा असावा?

चाकू हा शब्द काढला की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला खलनायक उभा राहतो. खटका दाबला की रामपुरीचे पाते बाहेर आणि समोरच्याला घाम! त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेने चाकूवर लिहावे याचे काहींना हसू येईल. पण मंडळी, विळी, सुरी, अडकित्ता... घरात धारेशी रोजचा व्यवहार कोणाचा? बायकांचाच ना? शिवाय शाळेत बरीच वर्षे गाईडचे पथक माझ्याकडे होते. मुलींना घेऊन तंबूत राहिले आहे, तीन दगडांच्या चुलीवर सगळ्या पथकाची खिचडी शिजवली आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजते.

निमित्त असे की आमची नात गडांवर जाऊ लागली आहे आणि तिला घडीचा चाकू घ्यायचा आहे. घरात प्रत्येकाने सल्ला दिला. "चांगला मोठा घे, मुलीच्या जातीजवळ असलेला बरा," हे सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आले. माझे मत नेमके याच्या उलट आहे.

घडीचा चाकू हे कामाचे अवजार आहे. दोरी कापायची, कांदा-काकडी चिरायची, पाकीट फोडायचे, चूल पेटवायला काटकीच्या ढलप्या काढायच्या, ही त्याची कामे. यातल्या एकाही कामाला साडेतीन इंचांहून लांब पाते लागत नाही. मोठा चाकू फक्त दुसऱ्याला दाखवायला बरा, आणि दाखवायचा म्हणून घेतलेला चाकू हीच मला भीती वाटते. झटापटीत तो हिसकावून घ्यायला समोरच्याला वेळ लागत नाही, आणि घामेजल्या हातात आपलीच बोटे पात्यावर येतात. त्याहून वाईट म्हणजे खिशात चाकू आहे या भरवशावर, जिथून निघून जायला हवे तिथे माणूस थांबून राहतो. नातीला मी सांगितले, संरक्षणासाठी सोबत चांगली निवड, कुठे जाते आहेस ते घरी सांगून जा, ११२ नंबर लक्षात ठेव आणि वेळ आली तर ओरड आणि पळ. चाकू काकडीसाठी.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरकामाची आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला छोटा चाकू त्यात बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्यात सुरे तर सोडाच, लाठ्याकाठ्याही बाळगायला बंदी असते. म्हणून माझे मत असे, की गडावर जाताना चाकू सॅकमध्ये तळाशी असावा आणि शहरात मोर्चा, मिरवणूक, निवडणुकीच्या गर्दीत तो घरीच ठेवावा. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकून द्यावा लागतो. इंग्लंडातल्या आमच्या नातेवाइकांसाठी वेगळे सांगते. तिथे सबळ कारणाशिवाय फक्त ३ इंचांपर्यंत धारेचा, मिटणारा आणि उघडल्यावर लॉक न होणारा चाकूच जवळ बाळगता येतो.

आता घ्यायचा कोणता? माझ्या मते पंधराशे-दोन हजारांच्या वर जायचे काही कारण नाही. पण तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली, उघडलेले पाते जागेवर कसे राहते. साध्या चाकूत पाते पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उभे असते. फळे कापायला हे पुरते, पण टोकाने जोर लावला तर पाते बोटांवर मिटते. काटक्यांचे काम करायचे असेल तर लॉक हवे.

दुसरी, पोलाद. साधे पोलाद धार छान धरते, पण कैरी-लिंबाने काळे पडते आणि आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत गंजते. सह्याद्रीसाठी स्टेनलेसच बरे. पात्यावर नुसते '४४०' लिहिले असेल तर भुलू नका. ४४० ए, बी आणि सी अशी तीन पोलादे असतात. त्यांतले कार्बनचे प्रमाण वेगळे, त्यामुळे धार टिकण्यातही फरक. अक्षर लिहिले नसेल तर ते हलक्यातले आहे असे धरून चालावे. आणि फार कडक पोलादाच्या मागे लागू नये. घरच्या दगडावर स्वतःला धार लावता आली पाहिजे, कारण धारवाला आता दारावर क्वचितच येतो. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून तोच हात कापतो.

तिसरी, मूठ. ओल्या हातातही ती घट्ट धरता यायला हवी.

या कसोटीवर मला दोन चाकू पसंत पडतात. एक फ्रान्सचा ओपिनेल. १८९० साली सव्वा प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल यांनी तो बनवायला घेतला, शेतकऱ्यांसाठी. ८ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि मूठ बीच लाकडाची. १९५५ पासून त्याला एक फिरते कडे आहे. ते वळवले की पाते पक्के. दोष एवढाच, की पावसात लाकूड फुगते आणि पाते उघडायला अवघड जाते. तेव्हा कोरडे ठेवायचे आणि सांध्याला तेलाचे बोट लावायचे. दुसरा स्विस चाकू. १८९७ साली कार्ल एल्सेनर यांनी नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूचा हा वंशज. त्याच्या बऱ्याच छोट्या नमुन्यांत लॉक नसते, पण कात्री, चिमटा अशा वस्तू असतात, म्हणून रोजच्या वापराला तो सोयीचा. नातीला मी स्टेनलेसचा ओपिनेल सुचवला.

काळे पाते, कवटीचे चित्र, खटक्याने फटकन उघडणारे, असले स्वस्त चाकू मात्र घेऊ नयेत. त्यांत पैसे पोलादाला कमी आणि रुबाबाला जास्त लागलेले असतात, आणि पोलिसाला ते समजावून सांगणेही कठीण.

शेवटी एक सांगते. चाकू देताना शिकवूनही द्यावा, मुलाला आणि मुलीला सारखाच. पाते अंगापासून दूर चालवायचे. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करायची. उघडा चाकू घेऊन एक पाऊलही टाकायचे नाही. मित्रावर रोखायचा नाही, गमतीनेसुद्धा नाही. एवढे चार नियम पाळले तर दोन हजारांच्या आतला चाकू वीस वर्षे सहज कामाला येईल.